ज्याला फक्त माझेच पाणी मानवले

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. एवढे खात्रीने सांगता येते; त्यापुढचा सगळा गोंधळ आहे. मी स्वयंपाकघराचे की प्रयोगशाळेचे, मी गुणी की अवगुणी, मी एका नव्या जिवाला जगवले की एका घराचा घात केला, हे मला अजून उमगलेले नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला बेरीज-वजाबाकी जमते. माझी हकीकत ऐका आणि जमले तर तुम्हीच ठरवा.

झांबियातल्या एका बंद पडलेल्या खाणीच्या गावी, बाजारामागच्या पत्र्याच्या छपराखाली माझा जन्म झाला. तिथे एक म्हातारा ओतारी होता. वाळूत साचा करून तो पातेली ओतायचा. भट्टीत काय काय पडले ते मी पाहिलेले नाही, कारण तेव्हा मी मी नव्हतेच. मोटारीचे दट्टे होते म्हणतात, मोडके रेडिएटर होते, नळाच्या तोट्या होत्या आणि खाणीच्या गोदामातून आपल्या पायांनी चालत आलेल्या काही पट्ट्याही होत्या. सगळे वितळले आणि त्याचे मी झाले. "हे पातेलं तुमच्या नातवंडांनाही जेवू घालेल," असे सांगून त्याने मला एका तरुण बाईला विकले. तिच्या पाठीला चितेंगेच्या रंगीत कापडात बांधलेली तान्ही मुलगी होती.

त्या मुलीचे नाव मुकुका. आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती बाई बाना मुकुका, म्हणजे मुकुकाची आई. तिच्या घरी मी बावीस वर्षे राबले. सकाळी मक्याच्या पिठाची घट्ट शिमा, संध्याकाळी टोमॅटो घातलेला घेवडा, सणावाराला शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. मक्याच्या पिठाची पेज करून तिच्यात मुन्कोयोचे मूळ घालायचे आणि एक दिवस मुरू द्यायची, की आंबटगोड पेय होते. तेही माझ्यातच मुरायचे. शेजारणी म्हणत, "बाना मुकुकाच्या मुन्कोयोची चव दुसरीकडे नाही." मला वाटे, ही माझीच तारीफ.

बाना मुकुका मला राख आणि वाळू लावून रोज घासायची. घासून घासून मी दरवर्षी थोडे पातळ होत होते. ते कुठे जात होते, हे ना तिने कधी विचारले, ना मी.

मुकुका शिकली, मोठी झाली, तिला चोंबा नावाची मुलगी झाली आणि गावच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळाले. तिथले डॉक्टर न्झिमा गावाबाहेरच्या काळ्या टेकडीची माती तपासत होते. खाणीतून शिसे आणि जस्त काढून घेतल्यावर उरलेल्या मातीची ती टेकडी. तिच्यावर गवताचे पाते उगवत नाही. त्या मातीत कोणते जिवाणू तग धरून आहेत आणि त्यांतला एखादा जगाला अजून माहीत नसलेला आहे का, हे डॉक्टर शोधत होते. पण प्रयोगशाळेतले वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र दोन वर्षांपासून बंद होते. एके दिवशी मुकुका घरी आली ती माझ्याकडे बघतच.

"मायो, पातेलं देतेस का थोडे दिवस?" तिने आईला विचारले.

"कशाला? तिथे कोण जेवायला बसतंय?"

"जंतू."

"मग त्यांना सांग, आपापली भांडी घेऊन या."

असे म्हणत म्हणत तिने मला घासून-पुसून दिलेच. लेकीच्या कामाचा तिला फार अभिमान होता, फक्त ते काम काय आहे हे तिला कळत नव्हते. त्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच.

डॉक्टर न्झिमांनी माझ्यात डोकावून पाहिले, नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "खरं सांग मुकुका, ह्यात माकड शिजवलंत ना तुम्ही?"

"नाही डॉक्टर, उंदीर. तुम्ही येणार म्हणून खास."

मी घाबरले. मला वाटले, आता भांडण होणार. पण दोघेही हसत होते. डॉक्टर न्गोनी जमातीचे, मुकुका बेम्बा; बेम्बा माकडे खातात आणि न्गोनी उंदीर, असे ते एकमेकांना चिडवतात. फार पूर्वी या दोन जमाती एकमेकींशी लढल्या, आणि आता एकमेकींची टर उडवायची पण राग मानायचा नाही, असा दंडक आहे. अगदी मयताच्या घरीही ही थट्टा चालते. पुढे ती माझ्या इतकी अंगवळणी पडली की एखादा दिवस माकड-उंदीर झाले नाहीत तर मला चुकल्याचुकल्यासारखे होई.

तिथले काम मात्र मला शेवटपर्यंत समजले नाही. मुकुका माझ्यात पाणी घ्यायची, जिवाणूंचे खाणे त्यात टाकायची, समुद्री शेवाळाची पूड घालून खळीसारखे शिजवायची. ते बाटल्यांत भरायचे, बाटल्या पुन्हा माझ्यात उभ्या करायच्या, झाकणावर दगड ठेवायचा आणि कोळशाच्या शेगडीवर तासभर उकळायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी जागे असलेले जंतू मरतात, दडून बसलेले दुसऱ्या दिवशी बाहेर येतात आणि मरतात, तिसरा दिवस राहिल्यासाहिल्यांचा. एकही जंतू उरला नाही की डॉक्टर म्हणत, "वा, पातेलं कामाचं आहे." आणि लगेच त्या मेलेल्या खळीवर काळी माती शिंपडून दोघे वाकून बघत बसत, जंतू दिसतात का. बावीस वर्षे मी माणसांना जगवण्यासाठी शिजवत होते. आता मारण्यासाठी शिजवत होते, आणि तेही दुसऱ्या कुणाला तरी जगवण्यासाठी. माझे डोके चालेनासे झाले.

खळ ओतलेल्या पहिल्या ताटल्यांमध्ये डॉक्टरांनी मुद्दाम धातूंचे क्षार घातले होते, म्हणजे लेचेपेचे जिवाणू आपोआप गळावेत. तरी पुष्कळ उगवले. त्यांतला एक ठिपका मुकुकाला वेगळा वाटला. मोहरीहून बारीक, फिकट गुलाबी, सगळ्यांपासून फटकून कडेला बसलेला. तिने तो तारेच्या टोकाने उचलला आणि धातू न घातलेल्या, माझ्यात शिजलेल्या साध्या खळीवर ठेवला. तिथेही तो वाढला. तिने वहीत लिहिले, "साध्या अन्नावरही वाढतो."

त्याच्या अंगातला काही मजकूर वाचून घेण्यासाठी प्रिटोरियाला पाठवला. प्रत्येक जिवाच्या आत अक्षरांची एक लांबलचक माळ असते म्हणे. उत्तर आले की जगात माहीत असलेल्या त्याच्या सर्वांत जवळच्या भावाशी ही माळ शंभरात शहाण्णव अक्षरे जुळते. मी म्हटले, शहाण्णव म्हणजे भाऊच की. पण डॉक्टरांनी मुकुकाला खुर्चीतून उठवून चक्क नाचवले. चार अक्षरे जुळत नाहीत, म्हणजे तो भाऊ नव्हे, ती नवी प्रजाती. चार अक्षरांसाठी एवढा नाच.

डॉक्टरांनी आपल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या, सोकोंच्या नावावरून त्याला नाव दिले आणि नियमाप्रमाणे नावाला लॅटिन शेपूट लावले. मुकुकाने आई-लेकीच्या जेवणाच्या वेळा विसरून तीन वर्षे त्याची देखभाल केली. तो काय खातो, किती उष्णता सोसतो, किती खारट पाणी चालते, सगळे लिहून काढले. आता एकच अट उरली. नव्या प्रजातीचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणूंच्या पेढ्यांमध्ये ठेवावा लागतो. दोन्ही पेढ्यांनी तो वाढवून दाखवला आणि तसे पत्र दिले, तरच जग त्याला मानते. एक नळी प्रिटोरियाला गेली, एक बेल्जियमला.

त्याच महिन्यात प्रयोगशाळेत नवे चकचकीत वाफेचे यंत्र आले. त्याच्यापुढे फीत कापली, त्याच्याबरोबर फोटो काढले. मी कपाटाखाली सरकवले गेले आणि आठवड्याने घरी. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. पण बाना मुकुकाने मला बघून टाळी वाजवली. चोंबा आता तीन वर्षांची होती आणि आजीच्या हातचा घेवडा तिला फार आवडायचा. मला पुन्हा माझे जुने काम मिळाले, आणि मला वाटले, चला, सुटले या कोड्यातून.

पण कोडे घरीच आले. मुकुका रोज संध्याकाळी पडका चेहरा घेऊन येऊ लागली. एके दिवशी अंगणात बसून तिने आईला सांगितले, "तो वाढत नाहीये, मायो."

"कोण?"

"तोच. नवीन यंत्रातली खळ देतो त्याला, एकदम स्वच्छ. काचेच्या भांड्यात केलेली. वाढतच नाही. प्रिटोरियाचं पत्र आलं, नळी उघडली, काही उगवलं नाही. बेल्जियमचंही तेच."

"मग दुसरा पाठव."

"फ्रीजमधले सगळे गेले. वीज दिवसातून चार तास येते, फ्रीज कसला टिकतोय. जुन्या खळीवरच्या दोन नळ्या उरल्यात फक्त. त्याही महिन्या-दीड महिन्यात मरतील. मेल्या की संपलं. तो नव्हताच असं होईल."

"आणि तुझी नोकरी?"

"तो नव्हताच म्हटल्यावर मीही नव्हते."

मग बाना मुकुकाने जे सांगितले ते आमच्या गावात कुठल्याही आजीने सांगितले असते. बाळाला घरातल्या कुणा गेलेल्या माणसाचे नाव देतात. नाव दिल्यावर बाळ सारखे रडू लागले, दूध घेईना, वाळू लागले, तर समजायचे की त्या माणसाशी त्याचे जमत नाही. मग नाव बदलायचे. मुकुकाचेही दुसऱ्या महिन्यात बदलले होते.

"तुम्ही त्याला कुणाचं नाव दिलंय?" तिने विचारले.

"सोको सरांचं."

"न्गोनी?"

"हो."

"मग रडेल नाही तर काय करेल. ते लेकरू इथल्या मातीतलं. त्याला इथल्या मातीत गेलेल्याचं नाव हवं. माझ्या बापाचं दे. काशिम्बा. सतरा वर्षं खाणीच्या भट्टीवर होता, खोकत खोकत तिथेच गेला."

मुकुका हसली नाही. रविवारी डॉक्टर न्झिमा मुन्कोयो प्यायला आले तेव्हा तिने ते त्यांना सांगितले. मला वाटले, एवढा शिकलेला माणूस, आता हसून लोळेल. पण त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "छापून येईपर्यंत नाव बदलायला बंदी नाही. सगळं करून झालंय. हेही करू."

"न्गोनी माणसाला एकदा तरी अक्कल सुचली," बाना मुकुका म्हणाली.

"माकडांच्या संगतीत राहून सुचली," डॉक्टर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

त्या आठवड्यात वीज अजिबातच आली नाही. यंत्र थंड पडून होते आणि ताजी खळ तर हवी होती. मुकुकाने घरीच, अंगणातल्या शेगडीवर, माझ्यात तीन दिवस खळ उकळली. चिठ्ठीवर नवे नाव लिहिले, काशिम्बा, आणि उरलेल्या दोन नळ्यांतल्या एकीतून त्याला त्या खळीवर ठेवले.

चौथ्या दिवशी ती धावतच आली. ताटलीभर फिकट गुलाबी ठिपके.

बाना मुकुकाने त्या दिवशी कामधंदा सोडला. ती पाणवठ्यावर गेली, चर्चच्या बायकांकडे गेली, बाजारात गेली. जंतूंनाही पूर्वज लागतात, आणि डॉक्टरांना जे वीस पुस्तकांत सापडले नाही ते तिने चुलीपाशी बसून सांगितले, हे तिने ऐकेल त्याला ऐकवले. मीही खूश होते. मला कुठे ठाऊक होते की खरे कारण तिच्या अंगणात उपडे पडले आहे.

डॉक्टर मात्र दोन दिवस नुसते डोके खाजवत होते. मग ते घरी आले आणि बाना मुकुकासमोर अदबीने बसले.

"तुमचं म्हणणं मी मानतो," ते म्हणाले, "पण तपासून बघू. चार ताटल्या करू. दोन पातेल्यातल्या खळीच्या, दोन यंत्रातल्या; वीज आलीय आता. दोन्हीकडे एकावर काशिम्बा लिहू, एकावर सोको. नावाचा गुण असेल तर दोन्ही काशिम्बा वाढतील."

"आणि नाही वाढले तर?"

"तर मी नाव देताना चुकलो नव्हतो, एवढंच. तुम्ही चुकलात असं म्हणायची माझी छाती नाही."

बाना मुकुकाने चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने चिकटवल्या, म्हणजे पुढे लबाडी झाली असे वाटायला नको. चार दिवसांनी चारही ताटल्या अंगणात चटईवर मांडल्या. माझ्या खळीतला काशिम्बा वाढला होता. माझ्या खळीतला सोकोही वाढला होता. यंत्रातले दोघेही कोरे.

बाना मुकुकाने ताटल्या दोनदा उलटसुलट करून पाहिल्या. "म्हणजे सोकोही चालतो त्याला?"

"चालतो."

"मग न्गोनी अगदीच वाईट नाहीत म्हणायचे," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितले.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा क्षण होता. डॉक्टर न्झिमांनी माझ्यापुढे गुडघे टेकले आणि आमच्या रीतीप्रमाणे हळूच तीनदा टाळ्या वाजवल्या, जशा वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात. "मुकुका, ह्यात काहीतरी आहे," ते म्हणाले, "आपण ज्याला साधं अन्न म्हणत होतो ते साधं नव्हतंच. हे पातेलं त्याला काहीतरी चारत होतं." त्यांनी माझ्यात नुसते पाणी उकळले, बाटलीत भरले आणि कोणते धातू उतरले आहेत ते बघायला लुसाकाला पाठवून दिले. माझ्यात काहीतरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी माझ्याबद्दल असे म्हणाले होते. मी फुगून गेले.

दहा-बारा दिवसांनी दुपारी डॉक्टर कागद नाचवत आले. अंगणात शेगडीवर माझ्यात घेवडा रटरटत होता, टोमॅटो नुकतेच घातले होते. चोंबा ताटली घेऊन शेजारी बसली होती.

"जस्त," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "जस्त लागतं त्याला. टेकडीच्या मातीत होतं, पहिल्या ताटल्यांत होतं, आणि मग ह्या पातेल्यातून उतरत होतं. पहिली ओळ वाचली आणि तसाच आलो. चिमूटभर मोजून काचेत घालायचं, की झालं. दोन्ही पेढ्यांत वाढेल. तुझी प्रजाती वाचली."

मुकुकाने कागद घेतला. ती हसत होती. पहिली ओळ वाचून ती आणखी हसली. मग तिची नजर खाली गेली आणि हसू चेहऱ्यावर तसेच राहून गेले, जसे काढायचे विसरलेले असावे. तिने कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. डॉक्टर खाली बसले.

मुकुका उठली, तिने चितेंगेच्या पदराने माझे कान धरले आणि सगळा घेवडा मातीत ओतून दिला.

"वेडी झालीस का?" बाना मुकुका म्हणाली. "अन्न आहे ते. निदान कोंबड्यांना तरी..."

"कोंबड्यांनाही देऊ नकोस, मायो. शिसं आहे त्यात."

"कशात?"

"पातेल्यात. जस्ताबरोबर शिसंही उतरतंय. आंबट घातलं की जास्तच. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट आहे."

चोंबा रडू लागली, कारण तिची ताटली रिकामी होती. बाना मुकुका तिला उचलायला गेली आणि मधेच थांबली.

"सहा पोरं वाढवली मी ह्याच्यातून," ती म्हणाली. ती हे कुणाला सांगत होती ते कळत नव्हते. "मुकुकाच्या पाठच्या कालाबाचं पोट दुखायचं. शाळेत काही डोक्यात शिरत नाही म्हणायचे मास्तर. मी म्हणायचे, पोर अशक्त आहे, ह्याला मुन्कोयो जास्त द्या. मी त्याला खरवडून द्यायचे तळातलं." मग ती डॉक्टरांकडे वळली. "ते ह्याच्यामुळे?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्या गावात धुळीतच शिसं आहे, बाना मुकुका. पोरं खेळतात त्या मातीत आहे. कुठून किती गेलं, हे आता कोणी वेगळं काढू शकत नाही."

"तुम्ही चार अक्षरांवरून दोन जंतू वेगळे ओळखता."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. न्गोनी-बेम्बांची एवढी जुनी थट्टा, पण त्या दिवशी माकड-उंदीर झाले नाहीत.

मुकुकाने मला अंगणाच्या कोपऱ्यात नेले, दगडावर उपडे घातले आणि मोठा खिळा घेऊन माझ्या बुडाला भोक पाडले. एक पाडून तिचे समाधान झाले नाही, तिने चार पाडली. म्हातारा ओतारी खरेच उत्तम कारागीर असावा, कारण तिला फार जोर लावावा लागला. मला दुखले की नाही ते सांगता येत नाही. मी त्या वेळी एकच विचार करत होते, की ज्या गोष्टीसाठी माझ्यापुढे टाळ्या वाजल्या आणि ज्या गोष्टीसाठी मला भोके पडली, ती एकाच भट्टीतली.

पुढचे थोडक्यात सांगते. काचेच्या भांड्यात जस्त मोजून घातल्यावर तो जिवाणू दोन्ही देशांत वाढला. दोन्ही पत्रे आली. नाव काशिम्बाचेच राहिले. डॉक्टर म्हणाले, एकदा आजीने ठेवलेले नाव परत घ्यायचे नसते. छापून आलेल्या लेखात मुकुकाचे नाव पहिले आहे. माझाही उल्लेख आहे, एका ओळीत. तिथे मला 'अशुद्ध धातूचे स्थानिक भांडे' म्हटले आहे. मी बरेच दिवस ते मनाला लावून घेतले होते, पण त्यात खोटे काहीच नाही.

चोंबाचे रक्त तपासले. शिसे निघाले, असायला नको तेवढे. दवाखान्यातल्या बाईंनी हात धुवायला सांगितले, अंडी आणि दूध द्यायला सांगितले, अंगणातल्या मातीवर पाणी शिंपडायला सांगितले, भांडी बदलायला सांगितली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा थोडा उतरला होता. थोडाच. कालाबाने आता विशी ओलांडली आहे, बाजारात हमाली करतो. त्याचे रक्त कुणी तपासले नाही. आता काय बघायचे, असे तोच म्हणाला.

भंगारवाला महिन्यातून एकदा येतो. भोके बघून म्हणतो, "वितळवलं की नवं होईल, आजी, द्या." बाना मुकुका त्याला देत नाही. तो गेला नाही तर ती सरळ माझ्यावर बसते. मी उपडे आहे आणि आता तिची बैठक आहे. मला घासत कोणी नाही, पावसात आत घेत कोणी नाही, आणि तेच ठीक आहे.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखी भांडी तुम्हाला आपली कहाणी सांगताना शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला जपू नका. मला कोणी पुन्हा वितळवू लागले तर त्याला अडवा. आणि तुमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले एखादे लाडके भांडे असेल, तर त्याच्या प्रेमाखातर का होईना, ते कशाचे आहे हे एकदा विचारा. भांड्याला स्वतःला ते माहीत नसते.

दुपारी बाना मुकुका माझ्यावर बसून चोंबाला भरवते. नवे स्टीलचे भांडे आहे, नवी ताटली आहे, घेवडा तोच आहे. चोंबा तोंड उघडून वाट बघते. घास तिच्या ओठांपाशी जातो आणि आजीचा हात तिथेच थांबतो. चोंबाला कळत नाही की आजी रोज पहिल्या घासाला एवढा वेळ का लावते.